वारा मोजणारे आणि वारा पकडणारी

गुरुवारी सकाळी जनरेटर दोनदा खोकला, एक आचका दिला आणि बंद पडला. तोरोआ खाडीच्या सतरा घरांतलं शेवटचं डिझेल संपलं.

नायरी त्याच्यासमोर पाना घेऊन उभी होती. पण पान्यानं काय होणार? टाकी कोरडी ठणठणीत. जहाज आधी सोमवारी येणार होतं, मग बुधवारी. आज सकाळी रेडिओवर कुणीतरी गोड आवाजात सांगितलं, की जहाजाचं इंजिन न्यूझीलंडच्या धक्क्यावर उघडून ठेवलंय, तेव्हा चॅटम बेटावरच्या मंडळींनी अजून दोन आठवडे वाट बघावी. वाट बघावी! चॅटमच्या माणसानं जन्मभर दुसरं केलंय काय? डिझेलची वाट, दंतवैद्याची वाट, पिठाची वाट. मोठ्या गावातलं होतं नव्हतं ते डिझेल दवाखान्यासाठी राखून ठेवलं होतं, आणि ते मागायची लाज नायरीला होती. ज्यांनी ही वेळ आणली त्यांना मात्र ती नव्हती.

तिच्या पडवीत माणूस आडवा झोपेल एवढा फ्रीझर होता. त्यात चाळीस शेवंडं, दोन पोती निळा कॉड मासा, सोललेले पावा शिंपले, सहा मेंढ्या, एक रानडुक्कर आणि अकरा वेका पक्षी होते. तीन महिने खपून तिनं ते भरलं होतं. पुढच्या शनिवारी तिच्या बापाच्या थडग्यावरच्या दगडाचा कपडा काढायचा होता. म्हातारा हाटा जाऊन वर्ष झालं होतं, आणि वर्षानं दगड असा उघडायची रीत होती. तीस पाहुणे विमानानं येणार होते. विधी दहा मिनिटांचा असतो. खरा विधी जेवणाचा. पाहुणा तुमच्या अंगणातून पोटावर हात फिरवत गेला, तर मेलेल्याचं नाव राहिलं. तो भुकेला गेला, तर त्याची नातवंडंसुद्धा ते विसरत नाहीत.

नावांना डिझेल नव्हतं, म्हणजे नवीन मासळी नव्हती. जे काही होतं ते त्या पेटीत होतं.

तिनं लोकरीचे सगळे गठ्ठे ओढून आणले आणि फ्रीझर नखशिखांत गुंडाळला. झाकण उघडलं नाही तर माल रविवारपर्यंत तग धरेल. पुढचं पुढे.

एवढ्यात फोन वाजला. क्राइस्टचर्चहून चुलतभाऊ पिरिपी. त्याच्यापर्यंत बातमी पोचलीच होती. वाईट बातमीला जहाज लागत नाही.

"नायरी, हट्ट करू नकोस," तो म्हणाला. "दगड तुम्ही तिकडे उघडा. आम्ही इकडे त्याच दिवशी हॉल घेतो, प्रार्थना करतो, केटरर सांगतो. अंकललाही चाललं असतं."

"कुठल्या अंकलला? माझ्या बापाला? केटररच्या हातचं?"

"तीस माणसं तिकडे आणून काय खायला घालणारेस? वारा?"

या टोमण्याला दोन उत्तरं नायरीच्या जिभेवर होती आणि दोन्ही प्रार्थना म्हणणाऱ्या कुटुंबात शोभणारी नव्हती.

"विमानाची तिकिटं सोमवारी दुपारपर्यंत रद्द करता येतात," पिरिपी म्हणाला. "तोवर सांग. मी तुझं वाईट चिंतत नाही गं."

वाईट चिंतत नव्हता, हे खरंच. पण ही शहरातली माणसं जीव लावून तुमचं घर तुमच्या पायाखालून काढून घेतात.

फोन ठेवून ती बाहेर आली. बाहेर आल्याबरोबर दार तिच्या हातातून हिसकावलं गेलं आणि भिंतीवर धाडकन आपटलं. नैऋत्येचा वारा. तिच्या अंगणातलं एकही झाड सरळ नव्हतं, सगळी ईशान्येकडे वाकलेली, जणू पळून जायला निघालेली. वर टेकाडावर एक उंच लोखंडी खांब उभा होता. सरकारी माणसं तीनदा येऊन गेली होती. खांब उभा केला, टोकाला वाट्या लावल्या, वारा मोजला, नायरीच्या घरची शेवंडं खाल्ली आणि गेली. सहा वर्षं झाली. 'अभ्यास सुरू आहे' असं पत्र दर वर्षी येतं. वाट्या कधीच उडून गेल्या. खांब तेवढा राहिला.

पिरिपीच्या टोमण्याकडे तिनं परत एकदा नीट बघितलं. वारा खायला घालणारेस? घालीन की.

दुपारपर्यंत तिचं कपडे धुण्याचं यंत्र अंगणात पोट फाडून पडलं होतं.

"हे काय, यंत्राचा खून?" कुंपणापलीकडून अंकल ओरडले. तिपेने त्यांचं नाव, हाटाचे धाकटे भाऊ, पंचाहत्तरीचे; खाडीतल्या प्रत्येक नावेचा पंखा त्यांच्या हातून एकदा तरी दुरुस्त झालेला. आणि तोंड असं, की वाराही त्यांच्यापुढे दमावा.

"मोटर काढतेय, अंकल."

"वीज नाही म्हणून विजेचं यंत्र मोडायचं? शाब्बास पोरी. उद्या अन्न नाही म्हणून दात पाडून घे."

"ही मोटर उलटी फिरवली की वीज खात नाही, वीज देते. आत बघा. कडेनं चुंबकं, मधे तांब्याची वेटोळी. पापानं आयुष्यभर इंजिनांचे स्टार्टर गुंडाळले, मी शेजारी बसून तारा पकडल्या. मला दिसतंय ते."

अंकल कुंपण ओलांडून आले, उकिडवे बसले, चुंबकाच्या कड्याला पाना लावून बघितला. पाना चिकटला तो सुटेना. त्यांनी भुवया उडवल्या. म्हाताऱ्याकडून एवढी कबुली पुष्कळ होती.

"आणि फिरवणार कोण? मी?"

"तुमचं तोंड फिरवेल. नाहीतर वारा."

"खांब?"

तिनं टेकाडाकडे बोट केलं.

"तो सरकारी आहे गं!"

"त्यांनी मोजून घेतला ना? मोजलेला माल आता आपण उचलू."

अंकल इतके हसले, की खोकला लागला. आणि खोकत खोकतच म्हणाले, "पाती मी करणार. तू नाही. पंख्याचं काम आहे ते."

दहावीला शाळा सोडलेली बाई आणि सहावीला सोडलेला म्हातारा. सरकारनं सहा वर्षांत केलं नाही ते या दोघांनी गुरुवार-शुक्रवारात करायला घेतलं. नायरीनं मोटरच्या वेटोळ्यांचे सांधे तोडले आणि तारांचे गट पाडून नव्यानं जोडले, म्हणजे कमी फेऱ्यांत जास्त करंट मिळेल. जुन्या गाडीच्या अल्टरनेटरमधले डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेनं जाऊ देणारे तुकडे, काढून लावले. मोडक्या ट्रकच्या चाकाचा दांडा खांबाच्या टोकाला बसवला, म्हणजे पवनचक्की वाऱ्याकडे तोंड वळवेल. शेपटीला त्याच ट्रकच्या दाराचा पत्रा. चार नावांमधून चार बॅटऱ्या आल्या. बॅटरीवर घरची यंत्रं चालवणारा एक डबा बापानं मेंढ्या कातरायच्या यंत्रासाठी कधीकाळी आणला होता, तो शेळ्यांच्या गोठ्यात सापडला, वरच्या लेंड्या झटकल्यावर चालू झाला.

अंकलनी फुटक्या नावेच्या फळ्या घेतल्या आणि पाती कोरली. तीन पाती, रुंद, टोकाकडे गोल, बोटानं चाचपत गुळगुळीत केलेली. त्यांच्या हाताला डोळे होते. पाती बघून नायरीला हातसुद्धा लावावासा वाटेना, इतकी देखणी. शनिवारी सकाळी अख्खी खाडी जमली. खांब पायाशी असलेल्या बिजागरीवर आडवा केलेला होताच. मोटर चढवली, पाती चढवली, दोर बांधले. अंकलनी डोक्यावरची टोपी काढून छोटी प्रार्थना म्हटली आणि मग नाव ओढताना देतात तशी आरोळी दिली. बायका-माणसं दोरांना लोंबकळली. खांब उभा राहिला.

चक्की फिरली! टाळ्या, शिट्ट्या, कुत्र्यांचा कल्लोळ. टेकाडावरून तार पडवीत आणली होती; नायरी धावत तिकडे गेली, मीटर बघितला.

अकरा. बॅटऱ्यांना चोवीस व्होल्टच्या वर लागतं. अकरा.

वारा वाढला, तेरा झाले. वर पाती घरघरत होती, हेलपाटत होती, खांब थरथरत होता आणि काटा तेरावर बसून राहिला. एकेक करून लोक घरी गेले. चॅटमची माणसं तोंडावर सांत्वन करत नाहीत. ती उद्या काहीतरी खायला आणून देतात. आणि या वेळी तर तेही शक्य नव्हतं.

"मोटर खराब आहे," अंकल म्हणाले.

"मोटर नीट आहे. हातानं फिरवून बघितली."

"मग काय माझी पाती खराब? चाळीस वर्षं पंखे केलेत मी!"

"तुम्ही करताना मी बघितलं आणि वा म्हटलं. मीही तितकीच चुकले."

पण चूक कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं, आणि न दिसणारी चूक तिला सहन व्हायची नाही. तिनं दोर सोडवून चक्की उतरवायला लावली. एक पातं सोडवलं आणि ते खांद्यावर टाकून टेकाडावर गेली. वाऱ्यात हात लांब करून पातं धरलं, जसं खांबावर होतं तसं. फुगीर बाजू वाऱ्याकडे. वारा आपटला, सांडला, पातं नुसतं थडथडलं. मग मनगट वळवलं आणि खोलगट बाजू वाऱ्यापुढे केली. वारा त्या खोलात भरला आणि तिचा हात खांद्यापासून असा उचलला गेला, की ती दोन पावलं फरपटली.

तिथेच मातीवर ती बसली आणि मोठ्यांदा हसली.

"अंकल!" ती खाली येऊन ओरडली. "आपण नावेचा पंखा केलाय!"

"मग काय करायचा होता, छत्री?"

"नावेचा पंखा पाण्याला ढकलतो. इंजिन फिरवतं, पंखा ढकलतो. इथे इंजिन कुठे आहे? इथे आपण ढकलायचं नाही, ढकलून घ्यायचंय. खोलगट पोट वाऱ्याकडे हवं आणि फुगीर पाठ मागे. आपण पाठ दाखवून उभे राहिलो."

अंकलनी पातं हातात घेतलं. उलटं केलं. सुलटं केलं. तोंडातली काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. चाळीस वर्षांचा हात खोटा ठरताना बघणं सोपं नसतं.

"नुसतं उलटं लावून चालायचं नाही," ते अखेर म्हणाले. "मग पातळ कड पुढे येईल. जाड कड पुढे हवी. नव्यानं कोरायला हवीत." ते खाली बघत होते. "फळ्या संपल्या, पोरी."

त्या दुपारी फ्रीझरच्या एका कोपऱ्यात, लोकरीखालून, पाण्याचा पहिला थेंब लादीवर आला. नायरीनं तो बोटानं पुसला आणि कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी ती अंकलच्या घरी गेली, निदान एखादं फाटकाचं लाकूड मागावं म्हणून. आंटी क्वीनी, अंकलची बायको, मागच्या दारी बटाटे सोलत होती. भिंतीशी सहा मीटर लांब, पांढरा, जाड, प्लास्टिकचा सांडपाण्याचा पाइप पडलेला होता. तीन वर्षं तसाच. घरात संडास बांधून देतो म्हणून अंकलनी तो जहाजानं मागवला होता. आंटी अजून वाऱ्यातून परसातल्या खोपटात जात होती.

नायरी पाइपाकडे बघत राहिली. पाइप मुळातच पोटात खोल असतो. लांबीनं चिरला की एका बाजूला पोट, दुसऱ्या बाजूला पाठ. कोरायलाच नको. फक्त टोकाकडे निमुळता कापायचा, पुढची कड गोल घासायची आणि मागची धारदार.

आंटीनं तिची नजर पकडली.

"तो माझा संडास आहे," आंटी म्हणाली.

"हो आंटी."

"चाळीस वर्षं मी त्या खोपटात जातेय. दोनदा खोपट उडून गेलंय, एकदा मी आत असताना."

"हो आंटी."

"तू मागायचंस तरी ना नीट, तोंड उघडून."

"आंटी, तुमचा संडास द्या. पापाच्या पाहुण्यांसाठी."

अंकल दारात आले. "रविवारी करवत? देवाच्या दिवशी?"

"देवाला फ्रीझर कळतो," आंटी फटकन म्हणाली. "हाटानं आपल्या लग्नाला दोन डुकरं दिली होती, तेव्हा वार विचारला होतास का? घेऊन जा गं पोरी. आणि तू," सुरी अंकलकडे रोखून, "पुढच्या जहाजानं नवा मागव. नाहीतर त्या खोपटात तूच राहायला जा."

पाइप तिघांनी मिळून अंगणात आणला. अंकलनी आकार आखला. या वेळी त्यांनी प्रत्येक रेघ ओढण्याआधी नायरीकडे बघितलं, आणि नायरीनं मान हलवली, मगच खडू टेकवला. करवतीचा पांढरा भुसा आंटीच्या बटाट्यांवर उडाला. कुणी तक्रार केली नाही. तिन्ही पाती एका काठीवर तोलून वजनाला सारखी केली. एक जरा जड निघालं, ते आंटीनं स्वयंपाकघरातल्या किसणीनं घासून बरोबर केलं आणि किसणी परत टांगून ठेवली.

चर्चमधून सुटलेली माणसं सरळ टेकाडावर आली, चांगल्या कपड्यांनिशी. आज टाळ्या नव्हत्या. दोरांना हात घातले, अंकलनी आरोळी दिली, खांब उभा झाला. नायरीनं मोटरच्या तिन्ही तारा एकत्र पिळून ठेवल्या होत्या, त्यानं मोटर अडून राहते, म्हणून चक्की जागच्या जागी डुलत होती, धरून ठेवलेल्या बैलासारखी. तिनं तारा सोडल्या.

एक फेरा. दुसरा. मग घरघर नाही, थरथर नाही, नुसता एक लांब सणसणता सूर, आणि पाती दिसेनाशी झाली, त्यांच्या जागी एक पांढरं वर्तुळ राहिलं. शेपटी एकदा हलली आणि चक्कीनं नैऋत्येच्या वाऱ्याला तोंड दिलं.

ती पडवीत धावली नाही. चालत गेली.

सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

"किती?" बाहेरून सगळे ओरडले.

तिनं खिडकीतून दोन्ही हात वर केले. बाहेर जो गलका झाला, त्यात अंकलचा आवाज सगळ्यांच्या वर होता, "माझ्या पंख्यानं! माझ्या पंख्यानं!" आणि त्यावर आंटीचा, "माझ्या संडासानं, गाढवा!"

बॅटऱ्यांना दोन तास खाऊ दिलं. मग तिनं डबा जोडला, फ्रीझरचा प्लग लावला. एक क्षण काही झालं नाही. मग पेटीच्या पोटातून तो ओळखीचा खर्जातला हुंकार आला. तिनं लोकर बाजूला केली, झाकण वीतभर उघडलं, आत हात घातला. वरच्या कॉडच्या पुडक्यांची टोकं तेवढी मऊ पडली होती. त्याखाली सगळं दगड. शेवंडं दगड, मेंढ्या दगड. थंडीनं बोटं भाजली तरी तिनं हात लवकर काढला नाही.

सोमवारी सकाळी तिनं स्वतः पिरिपीला फोन लावला.

"तिकिटं रद्द करायची नाहीत," ती म्हणाली. "आणि तुझ्या केटररचं जेवण त्यालाच खायला घाल."

"डिझेल आलं?"

"नाही."

"मग?"

"ये आणि बघ."

शनिवारी वारा असा होता, की पाहुण्यांना विमानातून उतरताना टोप्या धरून चालावं लागलं. दगडावरचा कपडा पिरिपीच्या म्हाताऱ्या आईनं काढला. काढला काय, एक कोपरा सोडला आणि बाकीचा वाऱ्यानं काढून घेतला. दगडावर हाटाचं नाव होतं, तारखा होत्या. रडणं झालं, गाणं झालं. मग काठी टेकत अंकल तिपेने बोलायला उभे राहिले. आधी पूर्वजांची नावं, ते आले त्या होडीचं नाव, डोंगराचं नाव, जशी बोलायची रीत तसं. सगळे माना खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी काठी टेकाडाकडे उचलली.

"शहरातल्या मंडळींनो, तुम्ही मला सांगितलंत, की बेटावर काही राहिलं नाही. मी चाळीस वर्षं पंखे केले. मला वाटायचं, मला येतं. या पोरीनं मला या वयात शिकवलं, की मी पाठ करून उभा होतो. हे मी हाटाच्या दगडासमोर सांगतोय, मागे नाही. आज तुमच्या पानात जे येईल ते तिनं राखलेलं आहे. सरकारनं नाही, जहाजानं नाही, तुम्हीही नाही. आता तोंड बंद करा आणि जेवायला चला."

नायरी जेवण शिजत होतं त्या जमिनीतल्या भट्टीवरच्या ओल्या गोणपाटांमागे उभी होती. तिनं तिथून हलायचंच टाळलं. धूर डोळ्यांत जातोय असं शेजारणीला सांगितलं, आणि शेजारीण म्हणाली, "वारा उलट्या दिशेला आहे गं."

तीस पाहुणे जेवले, खाडीची साठ माणसं जेवली. शेवंडं कमी पडली नाहीत. वेका पक्ष्यांवर पिरिपीच्या आईनं असा हात मारला, की तिच्या नातवांनी तिला घाबरून पाणी दिलं. पिरिपी तीनदा वाढून घ्यायला आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ताट घेऊन खांबाखाली जाऊन उभा राहिला, मान वर करून, चावत. बराच वेळ.

"पाती कशाची गं?" त्यानं परत येऊन विचारलं.

"आंटीला विचार. ती खुशीनं सांगेल."

त्यानं विचारलं. आंटीनं सांगितलं, सविस्तर, खोपट दोनदा उडाल्याच्या हकिकतीसकट. पिरिपीचा घास घशात अडकला, आणि मग तो हसला, लहानपणी नावेत हसायचा तसा.

रविवारी दुपारी धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये पाहुणे निघायच्या तयारीत होते. नायरीनं प्रत्येक कुटुंबासाठी एकेक पुडकं आणलं होतं. रिकाम्या हातानं कुणाला पाठवायचं नसतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कॉड, तीन तीन किलोचा. पिरिपीनं आपलं पुडकं वजनाच्या काट्यावर ठेवलं, तर ते ठण्णकन वाजलं, लोखंडावर लोखंड आपटावं तसं. सामान मोजणाऱ्या पोरीनं दचकून वर बघितलं.

पिरिपीनं बोटाच्या पेरानं पुडक्यावर टकटक केली. "डिझेलशिवाय," तो स्वतःशीच म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "क्राइस्टचर्चपर्यंत वितळेल का गं हे?"

"थोडं वितळेल," नायरी म्हणाली. "घरी गेल्यावर फ्रीझरमध्ये टाक. तुमच्याकडे वीज असते ना?"